बिरोबाच्या वाट्याचं माणूस

कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. बसला तर माझं नाथाजी हे नाव बदला. म्हसवडच्या जत्रेत हरवलेला माझा रेडा तीन वर्षांनी त्याच जत्रेत मला नावानं हाक मारत आला, असं मी सांगितलं आणि लोकांनी मानलं. वर रेड्याची तब्येत विचारली. पण दुष्काळात सरकारनं एक शहाणी पेटी आणली आणि अख्खा तालुका तिच्या हवाली केला, हे सांगायला लागलो की लोक चहा अर्धा टाकून उठतात.

"तुमी उठू नका," मी म्हणालो. "आनी उठून जानार कुठं? सांगलीची गाडी आजून आली न्हाई."

फाट्यावरच्या आप्पासोच्या हॉटेलात आम्ही बसलो होतो. चैत्र सरत आलेला, पत्र्याखाली नुसती भट्टी. आप्पासो स्टोला पिन मारत होता. लालासाहेब शिराळ्याकडचे, पलटणीतून पेन्शनीवर आलेले, ऊसवाले. खोडवा मोडून मोकळ्या झालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची म्हणून धनगर ठरवायला या बाजूला आले होते आणि आता परतीच्या गाडीसाठी घाम पुसत होते. धोंडुबाई शेंगांची पाटी मांडीशी घेऊन पेंगत होती. आणि बाहेर, लिंबाच्या सावलीत दगडावर, एक बाई बोचकं शेजारी ठेवून टकळीवर लोकर कातत होती. पदर कपाळाच्या खाली ओढलेला.

"ऐकनारी तुमी तिघं," मी म्हणालो. "भाईर बसलीया ती मोजली न्हाई. ती गाडीची हाय."

"सांगा की," लालासाहेब म्हणाले. "गाडीपेक्षा तुमची थाप बरी."

कानावर पेन्सिल ठेवायची माझी जुनी खोड आहे. ती पेन्सिल जरा मागं सारली आणि सुरुवात केली.

तालुक्याचं नाव घेत नाही. पेटीचे कान लांब आहेत. ट्रकातून आली ती. उतरवायला बारा गडी लागले, तेराव्याच्या पायावर पडली. हिरवा रंग, उंची दारात मावेना म्हणून कचेरीची चौकट काढावी लागली. पुढं टपालपेटीला असते तशी फट. फटीत कागद घालायचा. आत दळायची दोन जाती फिरावीत तशी घरघर व्हायची आणि खालून चिठ्ठी पडायची. वीज कुठली? डिझेलचं इंजिन लावलं होतं. आणि विचार करून करून पेटीचं डोकं तापायचं, म्हणून तिच्यावर गोणपाटं टाकून रोज सात घागरी पाणी मारायचं. गावाला टँकरचं पाणी घरटी एक घागर. पेटीला सात. बाया डोक्यावर घागरी घेऊन कचेरीची पायरी चढायच्या, ओतायच्या आणि गोणपाटाखाली निथळलेल्या पाण्यात पदराचं टोक भिजवून ओठाला लावत उतरायच्या.

"मंग मामलेदार रावसाहेब काय करायचं?" आप्पासोनं विचारलं.

"रावसाहेब टाचनी उचलून ठेवायचं. दुसरं काय?"

पहिल्या आठवड्यात पेटी नुसती बेरीज करायची. दुसऱ्या आठवड्यात अर्ज वाचायला लागली. तिसऱ्या आठवड्यात अर्ज यायच्या आधीच नामंजूर करायला लागली. चौथ्या आठवड्यात तिला वाचा फुटली. माणसाचं पोर आधी आई म्हणतं. पेटी आधी "न्हाई" म्हणाली. अगदी आपल्या बोलीत.

लालासाहेब मोठ्यानं हसले. "आमच्या पलटनीत वायरलेस हुता. पर त्यो कुनाला भाकरीला न्हाई म्हनत न्हवता."

"वायरलेस दुसऱ्याचं बोलतो, सायेब. ही सोताचं बोलायची."

मी कोण? मी त्या पेटीचा शिपाई. बैलाला वैरण घालावी तसा तिला कागद घालायचा, एवढंच माझं काम. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला दुष्काळी कामावरची सुकडी खायला द्यायची, कुणाला परत पाठवायचं, सगळं तिनं ठरवायचं. तिचा मला हुकूम होता: लोक सांगतील ते लिहून आण. तुला दिसेल ते लिहू नकोस.

काळेखडक म्हणून एक वाडी आहे, इथून बारा कोस. तिथं पाझर तलावाचं काम निघालं होतं.

बाहेर टकळी थांबली. पेळू संपला असेल. मग पुन्हा गरगरली.

त्या वाडीत जोतीराम म्हणून एक धनगर. आई हरणाबाई, पाठचा भाऊ धुळा आणि बायको सुलाबाई. दीडशे मेंढरांचा कळप होता. चारा गेला, पाणी गेलं, मेंढरं उभ्या जागी बसायला लागली. बसलेलं मेंढरू उठत नाही. अकरा राहिली. तेव्हा काठी कुडाला टेकवून घर खडी फोडायला आलं. तलावाच्या माळावर गोणपाटाचं पाल ठोकलं.

मी फॉर्म घेऊन पालाशी गेलो. हरणाबाई दारात बसलेली. म्हातारी वाळक्या शेंगेसारखी, डोळे मात्र मेंढराची वाट हेरणारे.

"म्हातारे, घरात मानसं किती?"

"तीन."

"नावं सांग."

"जोतीराम. धुळा. आनी मी हरना."

तिच्या मागं पालात सुलाबाई मिलो दळत होती. लाल अमेरिकी ज्वारी ती, जात्याखाली वाळूसारखी वाजायची. पाचवा महिना. पोट मांडीला लागू नये म्हणून ती तिरकी बसून दळत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. आणि फॉर्मवर तीन लिहिलं.

"तुमास्नी दिसत हुती की वो ती!" धोंडुबाई जागी झाली.

"दिसत हुती गं आक्का. पर पेटीचा हुकूम!"

आता म्हातारीनं खोटं का सांगितलं, ते ऐका. धनगर परक्याला खरा आकडा सांगत नाही. मेंढरं शंभर असली तर नव्याण्णव म्हणतो. मोजलेलं घटतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून एक डोकं बिरोबाच्या वाट्याचं ठेवायचं, ते तोंडानं बोलायचं नाही. आणि कुठलं ठेवायचं? ज्याच्यावर घात यायची भीती असेल, तेच. सुलाबाईची कूस आधी दोनदा रिकामी झाली होती. म्हातारीनं तिला देवाच्या पदराआड लपवली. पेटीच्या नजरेपासून वाचवली म्हणा.

दुसऱ्या दिवशी चौघंही कामावर. सुलाबाईला सायकलीच्या टायरचं कडं दिलं. त्या कड्यात दगड धरायचा, म्हणजे कपच्या उडत नाहीत. बोटांना चिंध्या बांधल्या. पहिल्या दिवशी चिंध्या लाल झाल्या, दुसऱ्या दिवशी काळ्या, तिसऱ्या दिवशी बोटांना चिकटून बसल्या. हातोडा उचलताना ती खालचा ओठ दातात धरायची. ऊन असं की दगड मांडीवर घेतला तर लुगड्यातनं पोळायचं. पाय पसरून, पोट मध्ये ठेवून, ठोक ठोक ठोक.

शनिवारी हजेरी वाचली. जोतीराम. धुळा. हरणाबाई. तीन माणसांची मजुरी, तीन वाटे सुकडी.

"आनी माझं?" सुलाबाई पुढं झाली. पदर पसरलेला.

"यादीत न्हाई," मुकादम म्हणाला.

"ह्यो ढीग मी फोडला की."

मुकादमानं ढीग बघितला. माप लावून मोजला. खडी भरली. त्यानं तसा कागद केला, मी तो पेटीला घातला. चिठ्ठी पडली. चिठ्ठीत लिहिलं होतं: खडी आढळली. फोडणारे कोणी आढळले नाही.

आप्पासो हसता हसता खोकायला लागला. "म्हंजी खडी आपसूक फुटली?"

"सरकारी खडी. हुकमानं फुटली आसंल."

त्या रात्री पालात तीन वाट्याची सुकडी चार जणांत झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे जोतीराम आणि सुलाबाई सात कोस चालत तालुक्याला आली. तिच्या पायात जोतीरामाच्या वहाणा, जोतीराम अनवाणी. कचेरीत पेटीपुढं दोघं उभी राहिली. जोतीरामानं मुंडासं काढून काखेत धरलं. लोखंडापुढं.

"बाय, ही माझी कारभारीन," तो म्हणाला. "यादीत ऱ्हायलीया. नाव घाला."

पेटी घरघरली. "घरात तीन," म्हणाली.

"तीन न्हाई, चार हाय. आईनं चुकून सांगितलं."

"चार हायत तर म्हातारीनं सरकारला खोटं सांगितलं. खोटं सांगनाऱ्याचं पुरं घर यादीतनं कमी. बोल. तीन लिवू का शून्य लिवू?"

जोतीरामानं सुलाबाईकडं बघितलं. ती गोणपाटावरून टपकणाऱ्या पाण्याकडं बघत होती. शिपाई म्हणून मी तिथंच होतो, फटीजवळ.

"तीनच ऱ्हाऊ द्या," जोतीराम म्हणाला.

मग दोघं रावसाहेबांच्या खोलीत गेली. रावसाहेबांचं टेबल आरशासारखं. दौत सुकून तिच्यात मुंग्यांनी घर केलेलं.

"बाई, तू मला दिसतेस," रावसाहेब म्हणाले. ते पुण्याकडचे, बोलणं शुद्ध. "चांगली स्पष्ट दिसतेस. पण मला दिसून काय उपयोग?"

"सायेब, एक सही करा."

"सही?" रावसाहेबांनी हात पुढं करून बोटांकडं बघितलं. "चार महिने केली नाही गं. आता आठवतसुद्धा नाही, पहिलं अक्षर कुठून सुरू करायचो ते."

दोघं परत सात कोस.

इथं जोतीरामानं एक युक्ती काढली. सुलाबाईनं फोडलेली खडी स्वतःच्या ढिगात टाकायची. नाव त्याचं, खडी दोघांची. मजुरी थोडी जास्त पडेल, चौथ्या तोंडाची सोय होईल. आठवडाभर तसं केलं. ती बाभळीच्या आडोशाला बसून फोडायची, धुळा पाटीनं वाहून थोरल्या भावाच्या ढिगावर ओतायचा. मुकादम आला की पाटी पालथी.

पेटी ती. तिच्या डोळ्यांतून सुटतंय व्हय? शनिवारी चिठ्ठी आली: जोतीराम रोज दोन माणसांची खडी फोडतो असं दिसतं. सबब आजपासून त्याला दोन माणसांइतकी खडी लावून दिली आहे. कमी भरल्यास हजेरी अर्धी.

लालासाहेब हसायचे थांबले. "आयला. आडकला की गडी."

"गडी कशाचा आडकतोय? ती आडकली."

तसंच झालं. आता सुलाबाईला बसून राहायची सोय उरली नाही. ती थांबली तर जोतीरामाची हजेरी अर्धी आणि सुकडी आणखी पातळ. ती कामावर नव्हती, म्हणून तिला सुट्टीही नव्हती. सहावा महिना लागला. पायावर सूज, अंगठ्यानं दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. हातोड्याचा ठोका पोटात जातो म्हणून ती दोन मांड्यांमध्ये जुनं घोंगडं दाबून बसायची. हरणाबाई स्वतःच्या वाट्यातली सुकडी सुनेपुढं सरकवायची.

"खा."

"आत्ती, तुमी काय खानार?"

"मी खाल्ली."

"कवा?"

"तू बघत न्हवतीस तवा."

चार बुकं शिकलेला धुळा एक दिवस पळत आला. ग्रामपंचायतीची निवडणूक पंधरा दिवसांवर आली होती. शाळेच्या भिंतीला मतदारांची यादी चिकटवली होती. "वैनी! दोनशे चौदा नंबर! सुलाबाई जोतीराम! सरकारच्या कागदावर तुजं नाव हाय!"

घरात त्या दिवशी सगळ्यांच्या मानेला ताठपणा आला. आणि उमेदवार पालाशी आला तेव्हा म्हातारीनं त्याला खाली बसवलं. अर्जुना त्याचं नाव. पांढरी टोपी, हात जोडलेलेच.

"आर्जुना, तुला चार मतं हवीत न्हवं?" म्हातारी म्हणाली.

"म्हंजी काय मावशे! तुमच्याच जिवावर हुबा हाय."

"मतं मागाय चार, आनी सुकडी वाटाय तीन. ह्ये कसं रं?"

अर्जुनानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "निवडून आलो की पयला ठराव वैनीच्या नावाचा. बिरोबाची आन."

म्हातारीनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला. सुलाबाईनं त्या पंधरवड्यात शाळेच्या भिंतीला तीनदा हात लावून बघितला. वाचता येत नव्हतं. धुळानं बोट ठेवून दाखवलेली ओळ तिनं ध्यानात ठेवली होती, भेगेच्या खाली चार बोटं.

मतदानाच्या आदल्या दिवशी पेटीची मोठी चिठ्ठी आली. शाळेच्या भिंतीला लावायचं काम माझ्याकडंच. लिहिलं होतं: गावचे सगळे अर्ज, तक्रारी, भांडणं आणि बोलणं ह्या कचेरीनं ऐकलेलं आहे. कोण कुणाला मत देणार हे ठाऊक आहे. तरी मतदानाची तसदी घेऊ नये. आपापल्या कामावर हजर राहावं. आणि खाली नावं, नावापुढं ज्याचं त्याचं मत.

"मानसं चिडली आसतील!" लालासाहेब म्हणाले.

"दोन-चार चिडली. बाकीची म्हनली, बरं झालं, दिवसाची हजेरी वाचली."

हरणाबाईनं धुळाला वाचायला लावलं. तिच्या नावापुढं अर्जुनाची निशाणी, बैलगाडी.

"मी तर आजून ठरवलं न्हवतं," म्हातारी म्हणाली. "केंद्रावर जाऊन ठरवनार हुते."

"ठरवलं आसतंस तर ह्येच ठरवलं आसतंस," मी म्हणालो. "आसं पेटी म्हनतीया."

सुलाबाईनं भेगेच्या खाली चार बोटं मोजून हात ठेवला. "भावजी, हितलं वाचा."

धुळानं वाचलं. दोनशे तेरा. दोनशे पंधरा. पुन्हा वाचलं. दोनशे चौदा नव्हतंच. पेटीनं जुनी यादी आपल्या यादीशी जुळवून घेतली होती.

अर्जुना निवडून आला. गळ्यात हार घालून तो तडक तालुक्याला गेला, ठराव घेऊन. पेटी म्हणाली, "ठराव वाचू नगंस. तुजं मत मला ठावं हाय." तो परत आला तेव्हा हारातली फुलं सुकून दोरा राहिला होता. पालासमोरून जाताना त्यानं मान दुसरीकडं केली. सरपंच झालेला माणूस पाच वर्षं दुसरीकडंच बघत चालला.

बाहेर उन्हात रस्ता पाण्यासारखा हलत होता. गाडीचा पत्ता नव्हता. आप्पासोनं नवं आधण ठेवलं. मला दिसलं की बाईची टकळी दगडावर आडवी पडली आहे आणि ती तळहात मांडीवर उताणे ठेवून बसली आहे. थकली असेल. उन्हाचं बसून बसून माणूस थकतं.

"मंग?" धोंडुबाई म्हणाली. "तिचं काय झालं?"

मग? मग हरणाबाई उठली! सातव्या महिन्यात सुलाबाई खडीवर आडवी झाली, तोंडाला फेस. शुद्धीवर आली आणि हातोडा शोधायला लागली. म्हातारीनं ते बघितलं. उठली, काठी घेतली, अकरा मेंढरं पुढं घातली आणि थेट कचेरीत. पायरी चढून मेंढरं आत. रावसाहेब टेबलावर चढून उभे!

म्हातारीनं पेटीवर काठी आपटली. "लय मोजनारी हायस न्हवं? ही मेंढरं मोज."

पेटी घरघरली. "अकरा."

"धा," म्हातारी म्हणाली.

"अकरा."

"येक बिरोबाचं. ते हाय पर न्हाई. मोज पुन्यांदा."

पेटीनं पुन्हा मोजलं. कुठलं बिरोबाचं, ते तिला कळेना. ह्याला वगळावं तर ते बेंबटतंय, त्याला वगळावं तर ते लेंड्या टाकतंय. हाय म्हणावं तर न्हाई, न्हाई म्हणावं तर हाय! इंजिन बोंबलायला लागलं. गोणपाटं सुकली, पेटली. घागर ओतायला बाई पुढं येईना. पेटीला पाणी द्यायचं नाही, असं सगळ्या बायांनी डोळ्यांनीच ठरवलं. आतून आवाज, हाय न्हाई हाय न्हाई हाय! आणि धाड्‌दिशी दार उडालं, सगळ्या तालुक्याच्या चिठ्ठ्या पाखरांसारख्या कचेरीबाहेर. शेवटची चिठ्ठी म्हातारीच्या पायाशी पडली. तिच्यावर एकच आकडा. चार!

"शाब्बास रं म्हातारे!" लालासाहेबांनी बाकावर थाप मारली.

"तवा रावसाहेबांना सही आटवली. सुलाबाईला मागची-म्होरची सगळी सुकडी मिळाली, पोतं भरून. आनी पोरगं झालं! आसं दांडगं, की सुईन म्हनली, ह्यो तर चालतच आलाय. आता पयलीत हाय. गनितात हुशार. पर घरात मानसं किती म्हनून मास्तरानं विचारलं, की येक कमीच सांगतो!"

आप्पासो स्टो सोडून हसत होता. लालासाहेबांनी रुमालानं डोळे पुसले आणि माझ्यासाठी एक जादा चहा सांगितला. धोंडुबाईनं ओंजळभर शेंगा माझ्यापुढं ओतल्या. "काय बी आसू दे," ती म्हणाली. "पोर जगलं, ब्येस झालं."

"कुठलं पोरगं?"

आवाज बाहेरून आला होता. बाई दगडावरून उठली होती. बोचकं काखेत, टकळी कमरेला खोचलेली. पदर तिनं कपाळावरून मागं सारला. उजव्या हाताच्या दोन बोटांची नखं मुळापासून वाकडी आलेली होती.

रस्त्याच्या वळणावर धुरळा उठला. सांगलीची गाडी. कुणी उठलं नाही.

"पयलीत कुठलं पोरगं हाय, आवं कारकून?"

कारकून. या फाट्यावर मला त्या नावानं कुणी ओळखत नाही.

"कोन गं तू?" आप्पासोनं विचारलं.

"चौथी," ती म्हणाली. त्याच्याकडं न बघता. "आत्ती कचेरीत गेलीच न्हाई. ती शिमग्याआदीच गेली, सुकडी मला सारून सारून. मेंढरं बी ऱ्हायली न्हवती. आनी पोर खडीवरच पडलं. धा पावलांवर तुमी हुता."

"आगं, पेटीचा हुकूम..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"कुठली पेटी?" तिचा आवाज चढला, तशी रस्त्यावरून गाडीकडं निघालेली पाटीवाली माणसंसुद्धा थबकली. "बाभळीखाली टेबल हुतं. येक पाय मोडल्याला, त्याला माझ्याच ढिगातला दगुड लावल्याला. त्या टेबलाम्होरं मी चार म्हयनं हुबी ऱ्हायले. टेबलामागं तुमीच बसला हुता, कारकून. दुसरं कोन बी न्हवतं. आनी ही कानावरची पेन्सिल तवा बी कानावरच हुती. नुसती काडून चार लिवायचं हुतं."